वीतभर ताणा

सेवकराम : पंखा चालू हाय, तरी तुह्या कपाळावर घाम काहून, भूपेंद्र?

भूपेंद्र : हळू बोला मामा. मामी ऐकन.

सेवकराम : ते अंदर सुताच्या कांड्या भरून राहिली. डोळे गेले तं काय, हात चालते तिचे. सांग.

भूपेंद्र : कम्प्युटरातला साडीच्या किनारीचा प्रोग्राम उघडत नाही.

सेवकराम : सकाळी तं उघडला होता!

भूपेंद्र : सकाळी जुना होता. विणकर सोसायटीची किनार विणाची नवी मशीन जुन्याच्या फाइली घेत नाही, म्हणून तं तुमी मले तुमसरवरून बोलावलं. नवा प्रोग्राम टाकाचा म्हणजे त्याच्या खाली नवी फ्रेमवर्क लागते.

सेवकराम : ते काय रायते?

भूपेंद्र : माग समजा. प्रोग्राम म्हणजे विणकर. माग नाही तं विणकर काय करन? आपल्या कम्प्युटरच्या जुन्या लिनक्सवर हा माग तयार भेटत नाही. त्याचं सोर्स आणलं, म्हणजे नुसते लाकडं अन् खिळे. ते इथंच जोडा लागते. पडद्यावर तेच होऊन राहिलं.

सेवकराम : मंग होऊ दे ना. तोवर जुना माग हाय.

भूपेंद्र : नाही.

सेवकराम : नाही म्हणजे?

भूपेंद्र : दोघं एकमेकात अडकत होते. मी जुना पहिले काढून टाकला.

सेवकराम : अरे बैताडा! कोष्ट्याचं पोट्टं ना तू? मागाच्या फणीतला ताणा, उभे धागे, संपत आला तं आपण काय करतो?

भूपेंद्र : वीतभर राहू देतो.

सेवकराम : अन्?

भूपेंद्र : नव्याचा एकेक धागा जुन्याले पिळून जोडतो.

सेवकराम : दोन हजार धागे जोडतो, बोटं सोलून निघते, पण जुना पहिले कापत नाही. तुह्या बापानं हे नाही शिकवलं?

भूपेंद्र : शिकवलं मामा. कम्प्युटर पाहून इसरलो.

सेवकराम : तो जुनाच टाक परत.

भूपेंद्र : पाह्यलं टाकून. नेटवर भेटूनच नाही राहिला.

सेवकराम : अन् तुह्या मामीच्या किनारी? एकशेचाळीस किनारी हायेत त्याच्यात. चाळीस वर्षाच्या.

भूपेंद्र : फाइली हायेत. पेनड्राइव्हवर पण घेतल्या. पण वाचणारा नाही. त्या प्रोग्रामशिवाय, जुना होवो का नवा, त्या कोणाले वाचता येत नाही.

जानकीबाई : (आतून) अवो, कायची कुजबुज चालू हाय?

सेवकराम : काही नाही वो! भूपेंद्र कम्प्युटर साफ करून राहिला.

जानकीबाई : बिघडलं तं घाबरू नोका. पेटीत माह्ये किनारीच्या आलेखाचे कागद हायेतच. त्याच्यावरून परत चढवता येते.

सेवकराम : हव, हव. हायेत.

भूपेंद्र : मामा, तिले अजून सांगितलं नाही?

सेवकराम : कसं सांगू रे? पेटी उघडली तं अर्धी माती होती. वाळवीनं एक कागद नाही ठेवला. त्याच महिन्यात डॉक्टर म्हणे, आता दिसणार नाही. एका महिन्यात दोन गोष्टी कशा सांगू? म्हटलं, कम्प्युटरात हाय, तिले समजाचं काम नाही. आता तेही गेलं तं मी कोणत्या तोंडानं तिच्यासमोर बसू?

भूपेंद्र : गेलं नाही अजून. त्रेसष्ट टक्के झालं.

सेवकराम : हे पिवळे अक्षरं कायचे पळून राहिले?

भूपेंद्र : ते वॉर्निंग हायेत. थांबत नाही त्यानं. लाल आलं तं भ्याचं.

सेवकराम : मले तं पिवळ्याचंच भेव लागून राहिलं. हे टूं-टूं काय?

भूपेंद्र : लाइट गेली! यूपीएस दहा मिनिटं धरते. थांबवा लागन.

सेवकराम : नोको थांबवू! तुटलं तं?

भूपेंद्र : तुटलं तं जिथं तुटलं तिथून धरते. असं पुस्तकात हाय.

सेवकराम : पुस्तकात हाय, का तू करून पाह्यलं?

भूपेंद्र : पुस्तकात हाय.

(दोन तासांनी लाइट येते. भूपेंद्र कम्प्युटर पुन्हा चालू करतो.)

सेवकराम : काय म्हणते?

भूपेंद्र : त्रेसष्टपासून धरलं, मामा! चौसष्ट.

सेवकराम : पाणी पे. सकाळपासून काही पेला नाही तू.

भूपेंद्र : तुमी पण प्या.

सेवकराम : मी मंग पेतो. तू पे.

भूपेंद्र : नव्वद... सत्याण्णव. मामा, झालं. आता जागेवर बसवतो. बसलं. आता प्रोग्राम उघडतो.

सेवकराम : थांब. जराशीक थांब. मले तिकडे पाहू दे. उघडला तं सांगजो, नाही उघडला तरी सांगजो, पण हळू सांगजो.

भूपेंद्र : मामा.

सेवकराम : नाही ना? मले मालूमच होतं.

भूपेंद्र : इकडे पाहा ना.

सेवकराम : हे... हे तं तिची रुईफुलाची किनार होय. पहिली किनार. लग्नाच्या वर्षीची. वाच, वाच.

भूपेंद्र : तीन उचल, दोन सोड, एक उचल, चार सोड...

सेवकराम : बराबर. एकदम बराबर. ऐक, आता मशीनले हात नोको लावू. आजच सगळ्या कागदावर उतरव, एकशेचाळीसच्या एकशेचाळीस. मी हळूच तिच्या पेटीत ठेवून देतो. तिले कधी समजाचंच नाही.

जानकीबाई : (आतून) पेटीत नोका ठेवू हो. वाळवी अजून हाय तिथं.