थोरलीच्या गळ्यातली दोरी

—बसा म्हटलं ना! आधी खाली बसा, मग काय ते बोला. उकिडवं नाही हो, पार बूड टेकून — हां, असं. पाय पुढे सोडा हवं तर. कड्याच्या टोकावर असं खांबासारखं उभं राहतं का कुणी? लागलं नाही ना? जरा जोरात ओढलं मी, राग मानू नका. पर्यटकांचा कठडा तिकडे आहे, उत्तरेला, एवढी मोठी पाटी लावलीय, पण तुम्ही मंडळी पाट्या वाचता कुठे? ब्वेनोस आयरेसचे का? असणारच, बुटांवरूनच कळतं. ठीक आहे, आलात तर आलात, पण आता मी सांगेपर्यंत उठायचं नाही. मुतायला आलं तरी नाही. हे घ्या, माते घ्या, आमच्याकडचा पानांचा काढा — कडू आहे, साखर घालत नाही मी. मी ओतत राहीन, तुम्ही पीत राहा, फक्त आभार मानू नका बरं का बाबा, आभार मानलेत म्हणजे पुरे झालं, भांडं फिरायचं थांबलं, आणि आज मला हात चालू हवेत. हात थांबले तर मी काय करीन सांगता येत नाही.

का म्हणजे? खाली बघा म्हणजे कळेल. तिकडे नाही — तो काळा खडक दिसतो? त्याच्या अलीकडे. हो, हत्तीच. कागदावर हत्ती-सील लिहितात, आम्ही नुसतं हत्ती म्हणतो, सोंड आहे, अंग आहे, आणखी काय पाहिजे? मधोमध गोट्यांवर ते धूड पसरलंय ना, तो मालक. ही सगळी वस्ती त्याची. भोवती त्याच्या बायका, बायकांच्या कुशीला ती काळी पिल्लं. आणि लांब, पाण्याच्या कडेला एकेकटे पडलेत ते काठावरचे. ना बायको ना जागा. दिवसभर झोपेचं सोंग घ्यायचं आणि मालकाची पाठ फिरली की आत घुसायचं, एवढाच त्यांचा धंदा. बरं, आता मालकापासून डावीकडे या. तीन बायका सोडा. त्यांच्यामागे तो करडा ठिपका पोटावर सरकतोय, दिसला? पिल्लू नाही ते. तो माझा नवरा आहे. सेलेस्तिनो, या किनाऱ्याचा राखणदार.

शू! ओरडता काय? बसा! — सरळ उभं राहायचं नाही इथे, ना वर ना खाली. खाली तर नाहीच नाही. त्यांच्यात भांडण काढायचं असलं की काय करतात? छाती वर काढून उंच होतात. जो उंच झाला त्यानं आव्हान दिलं. म्हणून खाली गेलेल्या माणसानं आडवंच राहायचं, आडवंच सरकायचं, आणि हत्ती आणि समुद्र यांच्या मध्ये कधी यायचं नाही. आणि वर मी. मी बसलेली दिसते आहे तोवर सगळं ठीक आहे. मी उभी राहिले की काही का असेना, हातातलं टाकून मागे फिरायचं — असं ठरलंय आमचं. थोडं सरकला की तो मान वळवून वर बघतो, ते बघा, बघितलं आत्ता! — हात हलवू नका. आणि तुम्ही आलात ते थेट उभे. माझ्या काळजात धस्स झालं हो. नशीब, त्या वेळी त्याचं तोंड तिकडे होतं. नाही तर एवढं सगळं वाया गेलं असतं.

हाक? हाक मारून काय उपयोग, त्याला ऐकू — या वाऱ्यात कुणाला काय ऐकू जाणार? वारा बघताय ना कसा सुटलाय.

जातो कशाला? हौस नाही हो, या वयात गुडघे सोलून घ्यायची कुणाला हौस असते! त्या खडकाला टेकलेली ती मोठी बाई बघा. मानेवर लाल रेघ आहे, दुर्बीण घ्या, घ्या. रेघ नाही ती. जहाजांवरची नायलॉनची दोरी आहे, माखल्या धरायला सोडतात ती. पाण्यात कुठेतरी अडकली असेल गळ्यात, आता मांसात गेलीय. ती आमची थोरली. नाव सेलेस्तिनोनं ठेवलंय. दरवर्षी त्याच खडकाशी येऊन बाळंत होते. साथीच्या वर्षी — तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. टीव्हीवर वास येत नाही. पक्ष्यांचा ताप हत्तींना लागला आणि बघता बघता पिल्लं गेली, जवळजवळ सगळीच्या सगळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एरवी विणीच्या दिवसांत इथे इतका गोंगाट असतो की घरात एकमेकांवर ओरडावं लागतं. त्या वर्षी मला चुलीवरच्या किटलीचा आवाज यायचा. थोरलीचं पिल्लूही गेलं. चार दिवस ती त्याला नाकानं ढोसत होती, उठ म्हणून. मी इथेच बसून रडले. सेलेस्तिनो रडला नाही, तो जेवायचा थांबला.

मग पुढच्या वर्षी किती आल्या? मोजायला वेळ लागला नाही एवढ्या. मालक होते, राज्य नव्हतं. धिप्पाड गडी किनाऱ्यावर नुसते रेकत बसलेले, रेकायचं कुणासाठी? लोक म्हणतात, नर आहेत ना, मग झालं. डोंबलाचं झालं! नरांनी वस्ती वाढत नाही बाबा, आयांनी वाढते. एक आई वर्षाला एकच पिल्लू देते, तेही जगलं तर. आणि पहिलटकरीण असेल तर तिला मध्ये जागा कोण देणार? ती बिचारी कडेला बाळंत होते, कडेला ते काठावरचे टपलेले, त्यांच्या धुमाकुळात पिल्लू चिरडतं. मध्ये बसतात त्या मुरलेल्या आया. साथीत गेल्या त्या नेमक्या त्याच. राहिल्यात त्यातली ही एक. यंदा आली, पिल्लू झालं, बघा केवढं टम्म झालंय, आणि गळ्यात फास.

शहरातून माणसं येणार होती. भुलीचं इंजेक्शन देऊन कापतात, ती खरी रीत. आधी म्हणाले रस्ता धुऊन गेलाय, मग म्हणाले डॉक्टर रजेवर, मग पुढच्या आठवड्यात नक्की. पुढच्या आठवड्यात इथे काय असणार आहे? पिल्लाचं दूध तुटत आलंय. दूध तुटलं की ही बया मागे वळून बघायची नाही. इतके दिवस स्वतः उपाशी राहून पाजते, आणि एक दिवस उठते नि सरळ पाण्यात. मग समुद्रात खाणार, अंग भरणार, मान भरणार — आणि दोरी? दोरी थोडीच सैल होणार! म्हणून आज. काठीला आकडी बांधलीय, आकडीच्या आतल्या बाजूला धार. मागून जायचं, दोरीखाली आकडी घालायची, एक हिसका. खाली उतरायला बंदी आहे, साथीपासून आहे, मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे. तुम्ही काही कुठे सांगायला जाणार नाही. प्या, थंड होतंय.

ऐकलंत? — हा, हा आवाज. ढोलासारखा. मालक बोलला. प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो आणि काठावरच्यांना तो पाठ असतो. एकदा हाग्या मार खाल्लेला असतो ना, म्हणून. नुसता आवाज आला की मागे सरतात, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. सेलेस्तिनोलाही पाठ होते सगळ्यांचे. मी पुऱ्या तळत असले की मागे येऊन एकेकाची नक्कल करायचा, तेलात हात जाता जाता वाचायचा माझा. आता नाही करत. आता म्हणतो, मी पोटानं ऐकतो. गोट्यांवर आडवं पडलं की आवाज पोटात घुमतो, कान गेले तर गेले, पोट तर आहे ना म्हणतो —

गेले म्हणजे... आता बोलूनच बसलेय. गेले. डावा पार गेला, उजव्यात दार आपटल्यासारखं काहीतरी येतं म्हणतो. कुणाला माहीत नाही, पोरीलासुद्धा नाही. वायरलेसवर मी बोलते. "तो गस्तीला गेलाय, निरोप सांगा." वर्षभर गस्तीलाच गेलाय तो! हसताय काय? मीही हसते कधी कधी. तुम्ही वाटसरू, आज इथे उद्या कुठे, तुम्हाला सांगितलं म्हणून काय बिघडणार आहे? उलट बरं वाटलं. द्या भांडं, ओतते आणखी. गरम वाटतंय का? काढा ना ते जाकीट, वारा आहे पण ऊन —

हे काय आहे? आत शर्टावर. बिल्ला ना हा?

तुम्ही खात्याचे.

मग आधी बोलायचं नाही का हो? — बोलूच दिलं नाही मी. खरं आहे. आल्या आल्या खाली ओढलं. पण आपल्यातला माणूस कड्यावर असा उभा राहील असं वाटलं नाही ना मला! बरं. बरं साहेब. म्हणजे तुम्ही तेच, ज्यांच्याबद्दल कळवलं होतं, कुणीतरी येईल आणि सेलेस्तिनोला भेटून जाईल. भेटून जाईल! सरळ म्हणा ना, म्हातारा अजून कामाचा आहे का ते बघायला. बघा मग, तो बघा, समोरच आहे. तुमच्या तरुण पोरांतला एक आणा, जो थोरलीच्या इतक्या जवळ जाईल आणि मालकाचा डोळासुद्धा उघडणार नाही. कान नाहीत म्हणून काय झालं? मी आहे ना इथे. त्याला काढलंत की आम्ही जायचं कुठे, तर पोरीकडे, त्रेलेवला, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. तिथे तो काय बघत बसेल हो? मी सांगते काय करील, परत जेवायचा थांबेल. आणि या खेपेला मी त्याला — हात लावू नका त्या वायरलेसला! नंतर. काय कळवायचं ते नंतर कळवा. आता नाही. पोचलाय तो. आकडी घालतोय बघा.

हळू रे. हळू. ती मान हलवतेय. थांब. — थांबलाय. शहाणा माझा. घाल आता.

तो कोण?

तो, पाण्याकडून. मघाशी काठावर पडला होता ना, नाक फाटलेला? तो कुठाय? साहेब, तुमची नजर तरुण आहे, बघा जरा — तोच. तोच सरकतोय. चोरटा मेला! मालकाची पाठ आहे तिकडे. आणि सेलेस्तिनो बरोबर वाटेत पडलाय. हा आवाज करत नाही हो, चोरटा कधी रेकत नाही, पोटालाही कळायचं नाही त्याच्या. अरे वर बघ. वर बघ की! एरवी शंभरदा बघतोस.

उभी राहिले तर दोरी राहिली. अर्धी कापलीय, थोरली बिथरेल, परत जवळ येऊ देणार नाही. न राहिले तर — काय न राहिले तर? वेडी झालेय का मी? उठते. उठले. ही बघ, उभी आहे मी! सेलेस्तिनो! — बघत नाहीय. हात दोरीवर आहे ना, डोळे दोरीवर. आणि मी ही एवढीशी, या मातीच्या रंगाचा कोट घालून बसलेय मूर्खासारखी. उठा साहेब! उठा, उठा म्हणते ना! तुम्ही उंच आहात. ते जाकीट धरा हातात, हलवा, जोरात, डोक्यावरून — पुढे या, आणखी, कड्याला काही होत नाही, मी धरते पट्टा. हलवा!

बघितलं.

बघितलं त्यानं! फिर मागे. फिर म्हटलंय ना, ठरलंय ना आपलं — अरे हा कापतोय! साहेब, हा अजून कापतोय! मेल्या, सोड ती — ओढली. निघाली. निघाली ती दोरी. मालक उठला. देवा. मालक वळला. खाली, तोंड खाली घाल, श्वास नको घेऊ —

...

गेला. बाजूनं गेला. चोरट्याच्या मागे लागलाय, पळतोय तो पाण्याकडे, पळ, पळ रांडेच्या! हलतोय का? साहेब, तो हलतोय का बघा, मला दिसत नाही नीट. खडकामागे? स्वतःच्या पायांनी? नक्की?

नाही, रडत नाहीय मी. वारा आहे.

सोडते पट्टा. वळ उठला असेल कमरेला. हा घोट घ्या, शेवटचा आहे, कोमट झालाय. आता तो घळीतून वर येईल. आला की मोठमोठ्यानं बोलेल, त्याला वाटतं तो हळूच बोलतोय. विचारेल, शेजारी कोण उभं होतं? मी सांगेन, वाट चुकलेला पर्यटक. पाट्या वाचत नाहीत म्हणेन. तुम्ही उठलात ते मी विसरायची नाही साहेब. वर काय कळवायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी विचारणार नाही, पाया पडणार नाही. फक्त आज त्याच्यासमोर थांबू नका. तुम्ही बोलाल, तो तुमच्या ओठांकडे बघेल, काही कळणार नाही आणि तरी हसून हो हो म्हणेल. ते मला बघवत नाही. आज तर अजिबात नाही, आज तो दोरी हातात घेऊन येणार आहे, मला दाखवायला.

ते बघा, टोपी दिसली त्याची. द्या भांडं इकडे.

आता माना आभार. माना — हां. निघा.