गर्भरक्षांबिकेचं काम

तुम्ही हसाल, पण गर्भाशय काढायचं म्हणून गर्भरक्षांबिकेच्या दर्शनाला जाणारं घर अख्ख्या कुंभकोणमात आमचंच असेल.

फायब्रॉइड्समुळे माझं हिमोग्लोबिन पार खाली आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, "या गाठी कॅन्सरच्या नाहीत. गोळ्यांवर पाळी जाईपर्यंत थांबता येईल, मग त्या बहुतेक आक्रसतात. नुसत्या गाठी काढल्या तर पुन्हा होऊ शकतात. पिशवीच काढली तर प्रश्न मिटतो, पण ते मोठं ऑपरेशन. घरी बोला, मग सांगा."

गोळ्या घेऊन घेऊन मी कंटाळले होते. मला पिशवी काढायची होती. सासूबाई ऐकून एवढंच म्हणाल्या, "आधी तिरुक्करुगावूर." ते या देवीचं गाव; मूल व्हावं, गर्भ टिकावा म्हणून बायका तिथे जातात. म्हटलं, झालं, आता या अडवणार.

देवळात गुरुजींनी सवयीने तुपाचा प्रसाद पुढे केला आणि तमिळमध्ये म्हणाले, "रोज थोडं खा, मूल होईल."

"दोन आहेत. कॉलेजात जातात," सासूबाईही तमिळमध्येच म्हणाल्या. मग देवीकडे वळून हात जोडले आणि आमच्या घरच्या मराठीत बोलू लागल्या, "आई, इतकी वर्षं हिची कूस सांभाळलीस. ते आता पुरे. आता हिला सांभाळ."

गुरुजींना मराठी कळेना. त्यांनी मला विचारलं, "काय मागितलं?"

सासूबाईच प्रसाद पिशवीत ठेवत म्हणाल्या, "मागितलं काही नाही. देवीचं काम बदलून दिलं."