पलीकडच्या रेतीवर

माझं लग्न कसं जमलं ते सांगते, पण सुहासला सांगू नका. मी तेव्हा बी.ए.ला होते आणि एक कादंबरी लिहीत होते. ओसाड ग्रहावर अडकलेली दोन तरुण माणसं, संपत आलेलं पाणी आणि अर्थात प्रेम. गंगेकाठच्या आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातलाच सुहास रोज नवं प्रकरण वाचायचा आणि उसासे टाकायचा. एकदा म्हणाला, "अनुभव घेतल्याशिवाय खरं उतरणार नाही."

म्हणून मे महिन्यात भर दुपारी आम्ही नाव करून गंगेपलीकडच्या रेतीवर गेलो. "घंटे भर में आते हैं, दीदी," म्हणून नाववाला गेला तो गेलाच. दोन तास झाले. सावली नाही, दोघांत पाण्याची एकच बाटली. समोर अख्खी गंगा, पण ती पिण्याची हिंमत दोघांतही नव्हती. माझा नायक शेवटचा घोट नायिकेला देतो. सुहासने बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू मागितलं नाहीस," तो म्हणाला, आणि त्याने आईला फोन लावला.

त्याची आई स्वतः दुसरी नाव घेऊन आली. आधी मला पाणी पाजलं, मग म्हणाली, "याच्या भरवशावर परत कुठे जाऊ नकोस. मी पंचवीस वर्षं याच्या बाबांबरोबर काढलीत, मला माहीत आहे."

त्या नावेत मी खरंच प्रेमात पडले, पण त्या बाईंच्या. त्यांच्या घरी राहायचं तर सुहासशी लग्न करण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता.