इंजिनामागचा नट

...आणि वर दीर मलाच म्हणतात, "वहिनी, उलटं फिरवा!" अहो, म्हणायला काय जातं? तुम्ही धक्क्यावर उभे, हात मागे बांधून, आणि मी इंजिनाच्या मागे पोटावर आडवी, एक हात नळीखाली, दुसरा कुठे गेलाय ते माझं मलाच माहीत नाही... आता तुम्हीच सांगा मंडळी, उलटं म्हणजे कुणाच्या बाजूनं उलटं?

तुम्हाला सांगते, आमच्या बोटीचं इंजिन ज्यानं बसवलं ना, त्याला ते पुन्हा कधी उघडायचंच नव्हतं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारी एक नळी असते. ती फुटली. फुटली तर फुटली, बदलू! पण तिचा नट? तो मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसलेला, रुसलेल्या जावयासारखा! नट पितळी, इंजिन लोखंडी, आणि दोघांच्या मध्ये वर्षानुवर्षांचं मीठ. कुणाचा संसारही इतका घट्ट झालेला मी पाहिला नाही!

आणि आमचे धाकटे दीर, ते चारचौघांत जाहीर करून मोकळे, "वहिनी, संध्याकाळच्या भरतीला बोट निघाली तर तुमची. नाही निघाली, तर उद्यापासून सुकाणू माझ्या हातात, तुम्ही घरी आराम करायचा." आराम! हे गेल्यापासून पैलतीरावर माणसं नेते-आणते मी, इंजिन खोलायला शिकले मी, कुणाच्या बापानं शिकवलं नाही, आणि आराम करू? म्हटलं, "भावोजी, भरती येऊ द्या!"

मग काय! तेल सोडलं, ढिम्म. दिव्यानं तापवला, ढिम्म. हातोडीनं टकटक केली, तर कुठूनतरी आतूनच टकटक ऐकू आली, ती माझ्याच गुडघ्याची निघाली. नळी करवतीनं कापून टाकली, तेव्हा कुठं पान्याचं बंद कडं वरून नटावर चढवता आलं. पण नट दिसतो कुणाला? सुनेनं तिचा छोटा आरसा दिला आणि वरून ओरडायला लागली, "आई, डावीकडे!"

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"नटाच्या!"

"अगं, नटाला डावं-उजवं असतं होय? आणि उलटं म्हणजे कुणाच्या बाजूनं उलटं?"

शेवटी आरशात बघून, देवाचं नाव घेऊन, दिला हिसका. आणि हलला! हलला हो! सून नाचायला लागली, बोट डुलायला लागली, मी तर तिथेच पडल्या पडल्या विजयी झाले. आणखी एक हिसका... तर पुन्हा ढिम्म. तेवढ्यात दिरांनी मान वाकवून आत डोकावलं, आरशात बघितलं, मला बघितलं, पुन्हा आरशात बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, आरशात सगळं उलटं दिसतं. तुम्ही आवळताय."

तुम्हाला सांगते, पाय लांब करायला जागा असती ना, तर तिथेच लाथ बसली असती! पण चेहरा तसाच ठेवला. म्हटलं, "मुद्दामच आवळला. आधी जरा आवळला की मीठ तुटतं, मग नट सुटतो. तुम्हाला नाही कळायचं." आता हे खरं की खोटं, मला तरी कुठं ठाऊक होतं? आरसा फेकला, डोळे मिटले, मघाशी हात जिकडे गेला होता त्याच्या विरुद्ध ओढला, आणि काय सांगू... कर्रर्र! सुटला! माझी थाप खरी निघाली! दिरांचं तोंड असं झालं, जणू त्यांच्याच ताटातला घास कुणी उचलला.

पाणी चढत होतं. घाईघाईनं नव्या नळीचा नट बसवला, पान्यानं आवळला, नळीचं वरचं टोक वाकवून जोडलं, पट्टी कसली, चावी फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं आणि चालू! मागून पाण्याची धार अशी सुटली की धक्क्यावरच्या दोघा बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. दीर दोर सोडायला गेले. मी सुकाणूवर, छाती ही एवढी!

आणि सून विचारते, "आई, पाना कुठंय?"

कुठंय म्हणजे? ...नटावर! कडं नटाभोवती, नळी कड्यातून वर गेलेली, वरचं टोक पक्कं जोडलेलं. अंगठी घालून मग बोट सुजावं, तसा पाना नळीवर अडकलेला! वाकवलेल्या टोकावरून कडं निघायचं नाही, काढायचा तर नट सोडा, नट सोडायचा तर पुन्हा पोटावर आडवी, आणि पुन्हा तेच... उलटं म्हणजे कुणाच्या बाजूनं उलटं?

राहू दे म्हटलं. खणखण वाजतो मधूनमधून, उतारू विचारतात काय वाजतंय, मी सांगते इंजिन गातंय. आणि तसं बघितलं तर वाईट काय त्यात? पुढच्या वेळी नट अडकला की निदान पाना तरी शोधत फिरायला नको!