दाराजवळची खुर्ची

स्कॅन सेंटरमध्ये नंबराची वाट बघणाऱ्या मास्तरांच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या नवराबायकोची कुजबुज पडली.

"बघितलंत? सूनबाई कशी पार दाराशी जाऊन बसलीय!"

"बसू दे गं."

"परवा सीटी स्कॅनला तुम्हाला चिकटून होती. फुफ्फुसात गाठ निघाली आणि हिला आली किळस."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. गाठ आणखी कुठे पसरलीय का, ते बघायला आज मला किरणं सोडणारं औषध टोचलंय."

"टोचलंय तुम्हाला. तिला काय झालं?"

"मघाशी नर्सबाई काय म्हणाल्या?"

"आज दिवसभर लहान मुलं आणि पोटुशा बायकांपासून लांब राहा. आपल्याकडे आहे का तसं कुणी?"

म्हातारा सुनेकडे बघत राहिला. मग काठी टेकत उठला.

"आता तुम्ही कुठे निघालात?"

"तिच्यापासून आणखी लांब. तू जा, तिच्याजवळ बस."