आहुप्याचे पाच टाक

जुन्नर पोलीस ठाणे, दिनांक ५ नोव्हेंबर २००३

मी, श्रीमती इंद्रायणी सुदर्शन ढोबळे, वय ६१ वर्षे, काम वस्तुसंग्रहालयाची देखभाल (विनावेतन), शिक्षण जुनी मॅट्रिक, पुण्यातील कॉन्व्हेंट, राहणार जुन्नर, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

आमच्या संग्रहालयात दोन खोल्या आहेत. पहिलीत येडगावकडील दगडखाणीत काम करणाऱ्यांची अवजारे आहेत. दुसरीत डोंगरातील महादेव कोळ्यांच्या घरातल्या वस्तू आहेत.

सन १९९६ मध्ये मी वस्तू गोळा करीत आहुपे येथे गेले होते. तेथे बयाबाई धर्माजी असवले यांनी मला देव्हाऱ्यातले पाच टाक दिले. टाक म्हणजे घरातल्या मेलेल्या वडीलधाऱ्यांच्या चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या मूर्ती. त्या साली पावसात त्यांचे छप्पर पडले होते. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं घर पक्कं हाय, तितं ऱ्हाऊ द्या. पर घट बसायच्या आदी दरसाली मी त्येंना न्हाऊ घालाया येनार." मी हो म्हणाले. नोंदवहीत मी 'कायमची भेट, नग पाच' असे लिहिले. हो म्हटल्याचे लिहिले नाही.

सन २००२ पर्यंत त्यांचे एकही वर्ष चुकले नाही. त्या एस.टी.ने घोडेगावमार्गे येत, मागच्या नळावर चिंच लावून टाक उजळीत आणि प्रत्येकाला नाव घेऊन बोलत. उरलेली हळद माझ्या कपाळाला लावीत. मी विधवा आहे हे त्यांना माहीत होते.

यंदा जूनमध्ये विश्वस्तांनी काचेचे कपाट बसवले आणि वस्तू बाहेर काढू नयेत असा ठराव केला. किल्ली माझ्याकडेच असते. दिनांक २३ सप्टेंबर रोजी बयाबाई आल्या. मी ठराव सांगितला. त्या हसून म्हणाल्या, "कुलूप कशापायी? देव काय पळून जात्यात व्हय? गेलं तर आमच्याच घरी येतील." मी म्हणाले, काचेतून बघा. त्यांनी काचेला हात लावला. दुपारच्या गाडीपर्यंत त्या पायरीवर बसून होत्या. मी त्यांना चहा दिला.

काल दिनांक ४ रोजी एक ते तीन मी जेवणासाठी घरी होते, बाहेरचे दार नुसते लोटलेले होते. परत आले तेव्हा कपाटाचे कुलूप तुटलेले दिसले. टाक ओले होते व त्यांना हळद लागलेली होती. पहिल्या खोलीतील छिन्नी जागेवरच होती, पण उलटी ठेवलेली होती. मी टाक मोजले नाहीत. मी ठाण्यात फोन केला.

फोन ठेवल्यावर मागच्या नळाजवळ बसलेला इसम उठून पुढे आला. त्याने डोक्याचे केस काढलेले होते. तो म्हणाला, "बाई, वळखलं न्हाई व्हय? मी बयाबाईचा कुशाबा. खडीच्या मशीनवर असतो, आळेफाट्याला. तुमची लई वाट बघितली. गाडीची येळ झाली, मंग तोडलं. कुलपाचं काय असंल ते देतो." मी विचारले, आई कुठे आहे? तो म्हणाला, "आत हाय."

मी आत जाऊन दोन्ही खोल्या पाहिल्या.

हवालदारांनी पंचनाम्यात टाक मोजले. नोंदवहीत पाच आहेत, कपाटात सहा निघाले. सहावा नवा आहे. त्यावर डोक्यावरून पदर घेतलेली बाई उठवलेली आहे. कुशाबाने सांगितले की, आई दसऱ्यानंतर बाराव्या दिवशी वारली. नवा टाक वडिलांच्या टाकाशेजारी बसवल्याशिवाय तिला घर मिळत नाही, अशी त्यांच्याकडे रीत आहे. तोपर्यंत तो तिला खिशात घेऊन फिरत होता.

संग्रहालयातून काहीही गेलेले नाही. माझी कुशाबा धर्माजी असवले यांच्याविरुद्ध तक्रार नाही. ते कालपासून ठाण्यात बसून आहेत, त्यांना सोडावे. कुलूप तुटण्यास कारण मी आहे. विश्वस्तांना तसे मी लिहून देईन.

जप्त केलेले टाक कोणाच्या ताब्यात द्यावेत असे विचारल्यावरून सांगते की, सर्व सहा कुशाबा यांना द्यावेत. नोंदवहीतील ओळ मी खोडीन. टाक ओलेच पाकिटात भरले आहेत, पाकिटाला लाख लावण्यापूर्वी ते कोरडे करावेत, ही विनंती आहे.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. द्यावयाचे टाक हवालदारांनी 'पाच' लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'सहा' केले. सहा बरोबर आहे. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही