जळकं तेल

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मला रडूच येत होतं. बाबांनी गुजरातहून आमच्या ट्रकमध्ये मीठ आणलं होतं. वाटेत पोती भिजली आणि खारं पाणी ट्रकच्या खालपर्यंत झिरपलं. बाबांना तर लगेच नागपूरला लग्नाला जायचं होतं. निघताना मला म्हणाले, "खालून चांगलं धू अन् जळकं तेल मार. नाहीतर चेसीले गंज पकडते."

कोणतं तेल, हे विचारायला मी लाजले. स्वयंपाकघरात जळकं तेल होतंच. ट्रक खालून धुतला आणि तेच मारलं.

दोन दिवसांनी बाबा आमच्या बीरगांवच्या घरी परतले, तेव्हा पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, तीन कुत्री ट्रकखाली शिरून चेसीचा लोखंडी सांगाडा चाटत होती.

"काय मारलं वं पोट्टे?"

"जळकं तेल. चकल्या तळलेलं."

"अवं, इंजिनातून काढलेलं म्हटलं होतं मी!"

ते टॉर्च घेऊन ट्रकखाली सरकले. बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. मी कुत्री हाकलत उभी राहिले.

"मीठ पुरं निघालं. गंज कुठंच नाही," खालून आवाज आला.

मी सुटले! "मग आता काय करू, बाबा?"

"आईले चहा ठेवायले सांग. अन् चकल्या उरल्या असतील तर आण. या वासानं भूक लागून राहिली."